एका पावलाचे भाकीत

२०१८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी ही संस्था आणि बीएमडब्ल्यू ही मोटार कंपनी यांनी मिळून एक चाचणी घेतली. कारखान्यातल्या जागेची प्रतिकृती उभारली आणि तिथे रुळांवरून ये-जा करणारा एक रोबो ठेवला. कामाच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुटे भाग पोहोचवणे, इतकेच त्याचे काम. कामगार अधूनमधून त्याची वाट ओलांडत. माणूस आडवा येत असेल तर क्षणभर थांबायचे, अशी रोबोला शिकवण होती. प्रत्यक्षात माणूस आडवा येण्याच्या बऱ्याच आधीपासून हा रोबो जागच्या जागी थिजू लागला. सावधगिरी इतकी, की कामच अडावे. संशोधकांनी कारण शोधले. माणूस कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज रोबोला होता, पण त्या वाटेवर तो कोणत्या क्षणी कुठे असेल, हे त्याला उमगत नव्हते. माणूस मध्येच थबकला, माघारी वळला आणि पुन्हा निघाला, की रोबोचे गणित कोलमडे.

माणूस आणि यंत्र यांच्यामधली जाळी काढली, की हा प्रश्न उभा राहणारच. कारखान्यातले रोबो कित्येक दशके पिंजऱ्यात होते. दार उघडले की यंत्र बंद, हा तिथला साधा नियम. १९९७ मध्ये जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात ‘ऱ्हायनो’ आणि १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये ‘मिनर्व्हा’ हे वाटाडे रोबो पाहुण्यांच्या घोळक्यात फिरले, तेव्हा त्यांच्या लेखी माणूस हा मुख्यतः हलता अडथळा होता. संग्रहालयात ते खपून गेले, कारण तिथे कोणालाच घाई नसते. आज रोबो रुग्णालयांच्या व्हरांड्यांतून औषधे नेतात, गोदामांत मांडण्या हलवतात, इंग्लंडमधील मिल्टन कीन्सच्या पदपथांवरून घरोघरी किराणा पोहोचवतात. तिथे दर माणसागणिक थांबून भागत नाही. समोरचा डावीकडे वळणार की उजवीकडे, हे तो वळण्याच्या आधीच कळायला हवे.

माणसांना हे कळते, तेही फारशा पुराव्याविना. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये मांडलेला प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. माणसाच्या खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे अशा प्रमुख सांध्यांवर त्यांनी मोजके प्रकाशबिंदू लावले आणि बाकी सारे अंधारात राहील असे चित्रण केले. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना नुसते विखुरलेले ठिपके दिसत. तो चालू लागला, की तो चालणारा माणूस आहे हे क्षणार्धात ओळखू येई. पुढे निकोलाउस ट्रोये आणि कोर्ड वेस्टहॉफ यांनी २००६ मध्ये हे ठिपके मुद्दाम इकडेतिकडे विस्कटले. शरीराचा आकार पार मोडला. तरीही चाल डावीकडची की उजवीकडची, हे लोक सांगू शकले. ही माहिती प्रामुख्याने पावलांच्या ठिपक्यांत होती, आणि चित्र उलटे करताच ती नाहीशी होई. इटलीतील संशोधकांनी तर अवघ्या दोन दिवसांच्या अर्भकांना अशा ठिपक्यांची कोंबडी दाखवली. मुले विस्कळीत ठिपक्यांपेक्षा चालत्या कोंबडीकडे अधिक वेळ पाहत राहिली. चाल वाचण्याची ही हातोटी आपण बहुधा जन्माबरोबरच घेऊन येतो. यंत्राला मात्र ती शून्यापासून शिकवावी लागते.

शिकवायची म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी चालण्याची क्रिया थोडी उकलून पाहावी लागेल. रमतगमत नव्हे, पण धावपळीतही नव्हे अशा वेगाने चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर अंतर कापतो. सेकंदाला दोन पावले, दर पावलाला सुमारे ७० सेंटिमीटर. यातील बहुतेक वेळ शरीर एकाच पायावर असते. गुरुत्वमध्य त्या पायावरून पुढे झुकत असतो, आणि दुसरा पाय हवेतून झेपावून शरीराला सावरायला निघालेला असतो. चालणे म्हणजे एका परीने पुढे पडणे आणि दर अर्ध्या सेकंदाला ते पडणे टाळणे. आता याच अवस्थेत दिशा बदलायची, तर गुरुत्वमध्याला बाजूला ढकलणारे बळ जमिनीकडूनच मिळवावे लागते. ते मिळणार जमिनीवर टेकलेल्या एका तळव्यातून, आणि तळवा अरुंद. त्याच्या जोरावर थोडेफार कलता येते, वळता येत नाही. खरे वळण ठरते ते पाऊल कुठे टेकवले यावर. डावीकडे जायचे तर उजवे पाऊल किंचित बाहेर टाकून त्याच्या रेट्याने शरीर डावीकडे लोटायचे, नाहीतर डाव्या पावलावरच गिरकी घ्यायची. पहिला मार्ग स्थिर, दुसरा अवघड. दोन्हींची तयारी आदल्या पावलात झालेली असावी लागते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात अफताब पटला यांनी हे प्रयोगाने दाखवले. चालणाऱ्याला अमुक दिशेला वळा असा संकेत प्रकाशाने द्यायचा आणि तो किती उशिरा दिला तर चालतो, हे पाहायचे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा, की संकेत एक पाऊल आधी मिळाला तर माणूस वळतो. त्याच पावलात मिळाला तर त्याला वळणे साधत नाही. रोबो बनवणाऱ्यांसाठी याच्याइतकी मोलाची माहिती दुसरी नाही. जे शरीर स्वतःलाच ऐनवेळी वळवू शकत नाही, ते आपला बेत पाऊलभर आधी उघड करत असते.

हा बेत सर्वांत आधी डोके उघड करते. पॅरिसमध्ये आलँ बेर्तोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लोकांना कोपऱ्यावरून वळत चालायला लावले आणि मस्तकाची दिशा मोजली. वाट वळण्याच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी डोके नव्या दिशेला फिरलेले असे. गंमत म्हणजे अंधारातही, जिथे वळून पाहण्याजोगे काहीच नाही तिथेही, डोके आधीच वळे. म्हणजे हे केवळ पाहण्यासाठी वळणे नाही. पुढच्या हालचालीची ती जुळवाजुळव आहे. बेर्तोझ यांनी पुढे तुलूझचे रोबोशास्त्रज्ञ जाँ-पॉल लोमाँ आणि इतरांसह दाखवले, की माणूस तत्त्वतः आडवा, तिरपा, उलटा कसाही चालू शकत असला तरी प्रत्यक्षात त्याच्या वाटा चाकाच्या वाहनासारख्या वळतात. धड ज्या दिशेला, त्याच दिशेला वाट. डोके इकडेतिकडे भिरभिरते, धड सहसा फसवत नाही.

या साऱ्याचा रोबोसाठी उपयोग करून पाहणाऱ्यांत एमआयटीच्याच ज्युली शाह यांच्या प्रयोगशाळेतील वैभव उन्हेलकर आणि सहकारी होते. २०१५ मध्ये त्यांनी मांडलेल्या अभ्यासात माणसांच्या हालचाली अचूक टिपून शरीरातले हे वळणसूचक संकेत सांख्यिकीच्या कसोटीवर घासून पाहिले. संकेत खरे ठरले, आणि ते हिशेबात धरले की माणसाच्या पुढच्या वाटेचे भाकीत सुधारले. २०१७ पासून तर साध्या कॅमेऱ्यातून माणसाचे सांधे ओळखणाऱ्या ‘ओपनपोज’सारख्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. योहान्सन यांना जे ठिपके माणसाच्या अंगावर चिकटवावे लागत होते, ते आता संगणक स्वतःच चित्रातून काढतो.

तेव्हा प्रश्न सुटला, असे वाटेल. तो सुटलेला नाही. आणि तो कुठे सुटलेला नाही हे नीट न सांगता या तंत्राची जी जाहिरात चालते, तिच्याबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. शरीरावरून मिळते ते एका पावलाचे, फार तर दोन पावलांचे भाकीत. म्हणजे अर्धा ते एक सेकंद. त्यापुढचे जे काही सांगितले जाते ते शरीराच्या वाचनातून आलेले नसते. तो हेतूविषयीचा तर्क असतो. समोर दरवाजा आहे म्हणून हा दरवाजाकडे जाईल, हातात पिशवी आहे म्हणून हा थांब्याकडे जाईल, अशा जातीचा. तर्क उपयोगी असतोच. पण यंत्रशास्त्राच्या नियमांवर उभे असलेले पाऊलभराचे भाकीत आणि सवयींच्या सरासरीवर उभा असलेला पाच सेकंदांचा तर्क या दोहोंना एकाच आकड्यात बांधून ‘अचूकता’ म्हणून विकणे ही लबाडी आहे.

सरासरीची ही गोम २०२० मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी चांगलीच उघडी पाडली. त्याआधीची काही वर्षे पादचाऱ्यांच्या वाटांचे भाकीत करणाऱ्या मोठमोठ्या मज्जाजाल (न्यूरल नेटवर्क) प्रणालींची चढाओढ सुरू होती. २०१६ मध्ये स्टॅनफर्डहून आलेल्या एका प्रणालीने या चढाओढीला विशेष जोर दिला होता. म्युनिककरांनी या साऱ्यांसमोर एक अतिसाधे सूत्र उभे केले: माणूस आत्ता ज्या वेगाने ज्या दिशेला चालला आहे, तसाच चालत राहील. शिकणे नाही, विदा नाही, काही नाही. नेहमीच्या चाचण्यांत हे सूत्र तेव्हाच्या नामांकित प्रणालींच्या बरोबरीने आणि अनेकदा सरस ठरले. कारण उघड आहे. माणसे बहुतेक वेळ सरळच चालतात. दहा मिनिटे सरळ आणि एक क्षण वळण अशा विदेवर जो ‘सरळ’ असे म्हणेल, त्याचे गुण चांगलेच येणार. टक्कर मात्र त्या एका क्षणातच होते. शिवाय ज्या चित्रफितींवर या साऱ्या प्रणाली तोलल्या जात, त्यांतील बऱ्याच झुरिच आणि सायप्रस इथे उंचावरून घेतलेल्या. वरून पाहिले की माणूस म्हणजे सरकता ठिपका. त्याला ना मान, ना कंबर, ना टाच. जिथे शरीरच दिसत नाही, तिथे शरीराचा संकेत कुठून मिळणार?

रोबो जमिनीवरून पाहतो, त्यामुळे त्याला शरीर दिसते, असेही सरसकट म्हणता येत नाही. अनेक रोबोंचा लेझर नडगीच्या उंचीवर बसवलेला असतो. त्याला माणूस दिसतो तो दोन अर्धगोल कमानींच्या रूपात: एक डावा पाय, एक उजवा. या दोन कमानी आळीपाळीने पुढे सरकल्या, की तो म्हणतो, माणूस चालला आहे. ही युक्ती पँट घालणाऱ्यांसाठी उत्तम. साडी, लुंगी, बुरखा, पायघोळ झगा आला की दोन कमानींची एक होते, आणि पावले गडप. रोबोला दिसतो तो एक घरंगळणारा खांब.

शरीर खोटे बोलू शकते का, हा या विषयातला सर्वांत रंजक उपप्रश्न. कबड्डीच्या कोणत्याही बऱ्या प्रशिक्षकाला विचारा. चढाईपटू डोळ्यांनी आणि खांद्यांनी एका कोपऱ्याला हूल देतो आणि दुसऱ्या कोपऱ्याला हात घालतो. म्हणून त्याच्या डोळ्यांकडे नको, कमरेकडे बघ, असे नवख्या बचावपटूला बजावले जाते. रग्बीपटूंच्या चकव्यांवर सेबास्तियाँ ब्रो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमके हेच सांगतो. चकवा देणारा डोके, छातीचा वरचा भाग आणि बाहेरचे पाऊल यांची हालचाल मुद्दाम फुगवून दाखवतो. गुरुत्वमध्य मात्र खऱ्या दिशेचीच कबुली देतो, कारण त्याला भौतिकीचे नियम सुटत नाहीत. कसलेले खेळाडू या प्रामाणिक संकेताची वाट पाहतात, नवखे फुगवलेल्या संकेताला भुलतात. बेर्तोझ यांच्या दोनशे मिलिसेकंदांच्या आघाडीची किंमत इथे कळते. डोके लवकर सांगते, पण चुकीचे सांगण्याची शक्यताही त्याचीच अधिक; कंबर उशिरा सांगते, पण खरे सांगते. रस्त्यावर कोणी रोबोला मुद्दाम हूल देत नाही म्हणावे, तर ओसाकाच्या मॉलमधला अनुभव आहे. तिथे मुले रोबोची वाट अडवत, त्याला घेरत आणि त्रास देत, इतका की जपानी संशोधकांना २०१५ मध्ये मुलांच्या त्रासातून निसटण्याची युक्ती रोबोला शिकवावी लागली. युक्ती साधी: मुलांची गर्दी होण्याची चिन्हे दिसली, की मोठ्या माणसांच्या दिशेने सरका.

आतापर्यंतच्या चर्चेत एक गृहीत लपलेले होते. माणूस चालतो, रोबो त्याचे भाकीत करतो आणि आपली वाट ठरवतो, जणू माणसाला रोबो दिसतच नाही. हे गृहीत किती घातक आहे, ते पीटर ट्राउटमन आणि आंद्रेआस क्राउझ यांनी २०१० मध्येच दाखवले होते. प्रत्येक माणसाच्या पुढच्या वाटेभोवती अनिश्चिततेचे एक वर्तुळ धरा. जितके पुढचे पाहाल तितके वर्तुळ मोठे. गर्दीत ही वर्तुळे एकमेकांत मिसळतात, आणि रोबोला कुठेही मोकळी वाट उरत नाही. तो गोठतो. भाकीत अधिक अचूक केले तरीही दाट गर्दीत तो गोठतोच. दादरच्या पुलावरून संध्याकाळी सहा वाजता जाणारा कोणीही असा विचार करत नाही, नाहीतर कोणी घरीच पोहोचले नसते. आपण गर्दीत शिरतो ते समोरचा थोडा सरकेल या भरवशावर, आणि तोही आपल्याबद्दल तोच भरवसा धरतो.

हा भरवसा किती खरा आहे, याचा पुरावा जपानमधून २०२१ मध्ये आला. हिसाशी मुराकामी आणि सहकाऱ्यांनी सत्तावीस-सत्तावीस जणांचे दोन गट समोरासमोरून चालायला लावले. एरवी अशा गर्दीत आपोआप रांगा पडतात; प्रत्येक जण समोरून येणाऱ्याच्या मागची मोकळी जागा धरतो. मग एका गटातील तिघांच्या हाती मोबाइल देऊन त्यावर काम करत चालायला सांगितले. हे तिघे आघाडीला असले, की साऱ्या गर्दीची लय बिघडे आणि रांगा पडायला उशीर होई. आणि मोबाइल नसलेल्यांनाही टक्कर टाळताना ऐनवेळी बाजूला उडी घ्यावी लागे. भाकीत दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. एका बाजूने ते सोडले तर दुसऱ्याचे कौशल्यही लंगडे पडते. या कामाला त्या वर्षी ‘इग नोबेल’ मिळाले. हसवून विचार करायला लावणारा हा पुरस्कार इथे अगदी योग्य जागी पडला, असे म्हणावे लागेल.

यातून निघणारा निष्कर्ष रोबो-उद्योगाला फारसा रुचणारा नाही. माणसाचे वाचन करण्यावर जेवढा खर्च होतो, तेवढाच रोबो माणसाला वाचता यावा यावर व्हायला हवा. डोके नसलेली, खांदे नसलेली, कमरेत न वळणारी चौकोनी पेटी जागच्या जागी फिरून कोणत्याही दिशेला निघू शकते. समोरच्याला पाऊलभराची आगाऊ सूचना तिच्याकडून मिळत नाही. कार्नेगी मेलनमध्ये अंका ड्रॅगन यांनी २०१३ मध्ये मांडले होते, की रोबोची हालचाल सर्वांत कार्यक्षम असणे आणि पाहणाऱ्याला तिचा हेतू लवकर कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी रोबोने थोडी वाकडी वाट घ्यावी. कारखान्यांत फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीवर पडणारा निळा ठिपका हेच काम करतो. तो स्वस्त आहे आणि त्यात कोणतीही बुद्धिमत्ता नाही. कदाचित म्हणूनच त्याच्याबद्दल कोणी पत्रकार परिषद घेत नाही.

आता ज्यांची चाल सरासरीत बसत नाही त्यांच्याविषयी. टोरंटोतील ओकॅड विद्यापीठाच्या जुट्टा ट्रेव्हिरानस यांनी स्वयंचलित मोटारींसाठी बनवलेल्या काही प्रणालींची चाचणी घेतली, तेव्हा त्यांनी आपल्या एका मैत्रिणीची चाल त्यांच्यापुढे ठेवली. ही मैत्रीण चाकाची खुर्ची पायाने ढकलत उलटी चालवते. सर्व प्रणालींनी तिला थेट चौकात धडकण्याचा निर्णय दिला. प्रणालींना चाकाच्या खुर्च्यांची आणखी उदाहरणे शिकवून पुन्हा चाचणी झाली, तेव्हा त्यांनी तोच निर्णय अधिक आत्मविश्वासाने दिला. विदा वाढली ती सरळ जाणाऱ्या खुर्च्यांची. त्यामुळे पाठ जिकडे आहे तिकडे ही व्यक्ती जाणार नाही, हा गैरसमज पक्का झाला. उलट्या चालीत डोक्याची आणि वाटेची सांगड सरळ चालीसारखी राहत नाही, हे बेर्तोझ यांच्या प्रयोगशाळेला १९९८ मध्येच दिसले होते. आपल्याकडे उलटे चालणे दुर्मीळही नाही. गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ न दाखवता हात जोडून मागे सरकणारी माणसे कोणत्याही देवळात दिसतील. डोक्यावर हंडा असलेली बाई किंवा डब्यांची लांबलचक पेटी डोक्यावर घेऊन निघालेला डबेवाला मान आधी वळवत नाही. वळतो तेव्हा अख्खा वळतो. सर्वांत लवकर मिळणारा जो संकेत, तोच इथे गायब.

अशा चुका केवळ कागदावर राहत नाहीत. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील टेम्पी इथे उबरच्या चाचणीतील स्वयंचलित मोटारीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवले. तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये दिलेला अहवाल मुळातून वाचण्यासारखा आहे. मोटारीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ असे ठरवत राहिली. आणि दर वेळी वर्ग बदलला, की तिच्या हालचालीचा आधीचा इतिहास पुसला जाई. वस्तू दर क्षणी नव्याने जन्मत असेल, तर तिच्या वाटेचे भाकीत कसे होणार? त्यात भर म्हणजे पादचारी झेब्रा सोडून इतरत्र रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या रचनेत धरलेलीच नव्हती. आपल्या शहरांतील वाचकांना हे वाक्य पुन्हा एकदा वाचावेसे वाटेल.

इथल्या चालीचा अभ्यास अगदीच झालेला नाही असे नाही. २००९ मध्ये उज्ज्वल चट्टराज, पार्थ चक्रवर्ती आणि आर्मिन झायफ्रीड यांनी भारतीय आणि जर्मन लोकांना एकामागोमाग एक चालवून तुलना केली. गर्दी वाढली की जर्मन माणसांचा वेग जितका पडतो, तितका भारतीयांचा पडत नाही, आणि पुढच्यापासून भारतीय माणूस राखतो ते किमान अंतरही कमी. जर्मन अंतरावर घडवलेला रोबो भारतीय बोळात आणला, तर त्याला सगळेच अंगावर येत आहेत असे वाटेल आणि तो दिवसभर उभा राहील. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांवरील वाहतुकीची विदा खुली केली, ती याच कारणाने महत्त्वाची. पदपथ, फलाट, रुग्णालयांचे व्हरांडे यांची तशी विदा हवी, आणि तीत साडी, ओझे, काठी, चाकाची खुर्ची हे अपवाद म्हणून चवीपुरते नकोत.

मग अर्ध्या सेकंदाच्या या भाकिताचे करायचे काय? आमच्या मते त्याचा उपयोग अदब म्हणून व्हावा, वेगाचा परवाना म्हणून होऊ नये. पदपथावरील मालवाहू रोबोंची वरची मर्यादा ताशी सहा किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला सुमारे १.७ मीटर. समोरून माणूस त्याच्या नेहमीच्या चालीने आला, तर दोघांमधले अंतर सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने घटते. एका पावलाचे भाकीत हाती असेल, तर त्या वेळात दीड मीटर संपते. एवढ्यात रोबोने ओळखायचे, ठरवायचे आणि थांबायचे. रोबोचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर आणला, तर तेवढ्याच वेळात एक मीटरही संपत नाही. भाकिताचा पल्ला वाढत नसेल तर वेगाने त्या पल्ल्यात राहावे. गर्दीत हळू, मोकळ्यावर जलद. यंत्र-सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३८५५ याहून रोखठोक आहे. माणूस सेकंदाला १.६ मीटर वेगाने थेट यंत्राकडेच चालत येत आहे असे धरा आणि त्यावरून सुरक्षित अंतर काढा, असे ते सांगते. त्यात माणसाचा हेतू ओळखण्याला जागाच नाही. चाकणचे कारखाने असोत वा भिवंडीची गोदामे, भाकीत करणारा रोबो आला म्हणून हे अंतर कमी करा अशी मागणी पुढे येईल तेव्हा ती मान्य होऊ नये. भाकिताने रोबोचे थिजणे कमी करावे, त्याच्या वागण्यातला आडमुठेपणा घालवावा. सुरक्षेचा हिशेब सर्वांत वाईट शक्यतेवरच चालावा.

थांबणे म्हणजे सुरक्षितता, हेही गृहीत धरू नये. २०१९ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या परिसरात पदपथावर चढण्याच्या उतारापाशी एक मालवाहू रोबो थांबून राहिला. रस्ता ओलांडून आलेल्या, चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थिनीला त्यामुळे पदपथावर चढता येईना आणि ती वाहनांच्या रस्त्यातच अडकली. विद्यापीठाने चाचण्या तात्पुरत्या थांबवल्या. रोबोने आपल्या नियमाप्रमाणे सावधगिरीच बाळगली असणार. कुठे थांबायचे नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक बाब, जिच्याकडे यंत्रशास्त्राच्या उत्साहात दुर्लक्ष होते. ज्या ठिपक्यांवरून चालीची दिशा कळते, त्याच ठिपक्यांवरून चालणारा कोण हेही कळू शकते. योहान्सन यांच्या पाठोपाठ १९७७ मध्येच कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी दाखवले होते, की निव्वळ प्रकाशबिंदूंच्या चालीवरून लोक आपल्या मित्रांना ओळखतात. चालीवरून ओळख पटवण्याचे तंत्र आज विक्रीला आहे. म्हणजे टक्कर टाळण्यासाठी रस्त्यावर फिरणारा कॅमेरा सहज हजेरी घेणारा कॅमेराही होऊ शकतो, तोंडावर मास्क असला तरी. वळणाचे भाकीत करायला रोबोला गेल्या एक-दोन सेकंदांचा सांगाडा पुरतो. तो रोबोच्या आतच वापरून टाकून द्यावा, बाहेर कुठे पाठवू नये, यात तांत्रिक अडचण काही नाही. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा आधार घेऊन ही अट घालता येण्याजोगी आहे.

महापालिका, रेल्वे, विमानतळ वा रुग्णालये असे रोबो घेताना आजवर दोन गोष्टी विचारत आली: किंमत किती आणि बॅटरी किती तास चालते. त्यांनी आता आणखी काही गोष्टी लेखी मागाव्यात. गर्दीत कमाल वेग किती आणि त्या वेगाला थांबायला अंतर किती लागते? भाकिताची अचूकता सांगता, ती सरळ चालणाऱ्यांवर मोजली की फक्त वळणाच्या क्षणांवर? चाचणीत साडी नेसलेल्या, ओझे वाहणाऱ्या, काठीने चालणाऱ्या, चाकाच्या खुर्चीतल्या व्यक्ती किती होत्या? उतारावर, दारात, जिन्याच्या तोंडाशी रोबो थांबला तर किती वेळात बाजूला होतो? चित्रण किती सेकंद साठवले जाते आणि कोणाकडे जाते? उत्तरे दिल्याशिवाय निविदा उघडू नये.